धावताना मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या आणि बधिरपणा: कुणाला असा अनुभव आहे का?

मंदगती

नमस्कार. मी हौसेखातर धावते. स्पर्धेत नंबर काढायचा नाही, पण दिवसातला तो तास मला जिवापाड आवडतो. गेले काही आठवडे एक विचित्र त्रास सुरू झालाय आणि तो नेमका कशाचा, ते कळत नाहीये.

उजव्या मांडीची बाहेरची बाजू बधीर होते. धावायला लागल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटं काही नसतं. मग पँटचा खिसा असतो त्या जागेपासून खाली आधी मुंग्या, मग झिणझिण्या, आणि पुढे तो भाग आपला नाहीच असं वाटायला लागतं. हात फिरवला तर मध्ये जाड कापड असल्यासारखं जाणवतं. नवल म्हणजे त्याच जागी कधी चटका बसल्यासारखी जळजळ होते, आणि रात्री पांघरूण नुसतं घासलं तरी नकोसं होतं. बधीरही आहे आणि हुळहुळतंही आहे, हे दोन्ही एकाच जागी कसं?

पाठ दुखत नाही. पडले नाही, मार लागलेला नाही. थांबून बसलं की थोड्या वेळात बरं वाटतं. पण अलीकडे बराच वेळ उभं राहिलं तरी सुरू होतं, म्हणून काळजी वाटायला लागली. धावणं बंद करू का? आणि दाखवायचं झालं तर हाडांच्या डॉक्टरांना की मेंदू-मज्जातंतूंच्या?

खडीवाट

ताई, वेळ घालवू नका. ही कंबरेतली नस दबल्याची लक्षणं आहेत. माझ्या भावाचं अगदी असंच सुरू झालं होतं, पुढे पाय उचलेना. सरळ कंबरेचा एमआरआय करून घ्या आणि तोपर्यंत धावणं पूर्ण बंद.

गारवेल

मी फिजिओथेरपिस्ट आहे. एमआरआयचं नंतर बघू, आधी घरच्या घरी करता येईल असं एक काम सांगते. पुढच्या वेळी त्रास चालू असताना बॉलपेन घ्या. कापसाचा बोळा किंवा बोटाचं टोक चांगल्या भागाकडून बधीर भागाकडे हलकेच सरकवत न्या आणि स्पर्श जिथे बदलतो तिथे ठिपका द्या. असं चारही बाजूंनी करा, ठिपके जोडा आणि फोटो काढून ठेवा. 'मांडी बधीर होते' एवढ्यावरून काही कळत नाही. तो भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, यावरून कोणती नस त्रासात आहे याचा बराचसा उलगडा होतो.

आणि एवढं सांगा:

बधिरपणा गुडघ्याच्या खाली उतरतो का? मांडीच्या आतल्या बाजूला जातो का?

जिना चढताना, खुर्चीवरून उठताना तो पाय कमी पडतो का? गुडघा अचानक दुमडतो का?

कंबरेला काय घालता? फक्त धावतानाचं नाही, दिवसभराचं सांगा.

हल्ली वजन वाढलंय किंवा कमी झालंय का? मधुमेह?

लघवी-शौचावरचा ताबा, आणि सायकलच्या सीटला टेकतो त्या भागातली संवेदना ठीक आहे ना? हा प्रश्न अवघड वाटतो, पण याचं उत्तर सगळ्यात आधी हवं. तिथे काही गडबड असेल तर हा धागा वाचत बसू नका, त्याच क्षणी इस्पितळ गाठा.

मंदगती

गारवेलताई, मनापासून आभार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: तिथे काहीही त्रास नाही.

आज धावून आल्यावर ठिपके दिले. लांबट गोल आकार आला, माझ्या पंजापेक्षा थोडा मोठा. कंबरेच्या हाडाचं जे टोक पुढून हाताला लागतं त्याच्या बरंच खाली सुरू होतो आणि गुडघ्याच्या वर चार बोटं थांबतो. पूर्ण बाहेरच्या बाजूला आणि थोडासा पुढे. आतल्या बाजूला अजिबात नाही, पोटरीत नाही, पावलात नाही. कडा इतकी स्पष्ट असेल असं वाटलं नव्हतं.

ताकद व्यवस्थित आहे. जिने नेहमीसारखे चढते, एका पायावर उठबस जमते. वजन तेच आहे. मधुमेहाची तपासणी कधी केलेली नाही.

कंबरेला: लांब पल्ल्याची तयारी सुरू केल्यापासून पाण्याच्या दोन बाटल्या आणि मोबाइल राहील असा पट्टा बांधते. हलू नये म्हणून घट्ट ओढून घ्यावा लागतो. त्याखाली उंच कंबरेची घट्ट टाइट्स. कामावर दिवसातला बराच वेळ उभी असते.

वळचण

मी मज्जातंतूविकारांचा डॉक्टर आहे. इथून निदान करता येत नाही आणि करूही नये, पण तुम्ही काढलेली सीमारेषा इतकी बोलकी आहे की थोडं सविस्तर लिहितो.

मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या त्वचेची संवेदना एका वेगळ्या नसेकडे असते. तिचं नाव लॅटरल फेमोरल क्यूटेनियस नर्व्ह. कंबरेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यांपाशी निघणाऱ्या मुळांपासून ती तयार होते, ओटीपोटाच्या आतल्या बाजूने पुढे येते आणि कंबरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून, जांघेतल्या इंग्वायनल लिगामेंट नावाच्या पट्ट्याखालून मांडीत उतरते. तिथे ती जवळजवळ काटकोनात वळते. जागा अरुंद, वर लिगामेंट, बाजूला हाड आणि त्यावरून आपण घालतो ते सगळं. नस दबण्याची किंवा ताणली जाण्याची नेहमीची जागा हीच. या त्रासाला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: ही नस फक्त संवेदनेची आहे. एकही स्नायू तिच्यावर चालत नाही. म्हणून या आजारात कितीही मुंग्या आल्या, कितीही जळजळ झाली तरी पायाची ताकद कमी होत नाही आणि गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडतो ती प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत राहते. ताकद कमी झाली असेल तर निदान दुसरं काहीतरी आहे, असंच धरून शोध घ्यायचा.

बधीर आणि हुळहुळतं एकाच वेळी कसं, असं तुम्ही विचारलंत. दबलेली नस दोन प्रकारे बिघडते. खरा स्पर्श मेंदूपर्यंत नीट पोचवत नाही, त्यामुळे बधिरपणा. आणि त्याच वेळी, काही झालेलं नसताना स्वतःहून संदेश पाठवत राहते, त्यातून मुंग्या आणि जळजळ. साध्या स्पर्शाचा अर्थही चुकीचा लागतो, म्हणून पांघरूण टोचतं. मेराल्जियाचे बहुतेक रुग्ण हेच वर्णन करतात.

उभं राहिल्यावर वाढतं आणि बसल्यावर कमी होतं, हेही याला धरून आहे. पाय मागे जातो, म्हणजे खुबा सरळ होऊन मागे ताणला जातो, तेव्हा नसेवर ताण येतो. बसल्यावर खुबा दुमडतो आणि ताण सैल पडतो. धावताना प्रत्येक पावलाला मागचा पाय मागे जातोच. त्यावर घट्ट पट्टा असला तर ताण आणि दाब दोन्ही एकदम. एक अपवाद सांगून ठेवतो: पट्टा किंवा पँटची कड नेमकी जांघेच्या घडीत रुतत असेल तर काहींना उलट बसल्यावरच त्रास होतो.

तुम्ही मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा, हाडांचे डॉक्टरही चालतील, किंवा आधी नेहमीचे फॅमिली डॉक्टर. कुणीही असोत, हातोडी, टाचणी आणि कापूस घेऊन पाय तपासणारे हवेत. तो फोटो न्यायला विसरू नका.

खडीवाट

डॉक्टर, तुमच्या ज्ञानाबद्दल पूर्ण आदर आहे. पण तुम्हीच म्हणताय की नस कंबरेच्या मणक्यांपासून निघते. मग तिथेच दबली नसेल कशावरून? एमआरआयने नुकसान काय होणार? निदान शंका तरी फिटेल. भावाच्या वेळी आम्ही थांबलो आणि त्याचे परिणाम त्याने भोगले, म्हणून तळमळीने लिहितोय.

वळचण

खडीवाट, तुमची तळमळ समजते आणि प्रश्न अगदी योग्य आहे. मुळापाशी दाब असेल तर चित्र बदलतं. बहुतेकदा पाठीत किंवा कुल्ल्यात दुखतं, खोकताना-शिंकताना कळ येते, आणि बधिरपणा असा बाहेरच्या बाजूच्या एका तुकड्यापुरता राहत नाही. तिसऱ्या मणक्याचं मूळ असेल तर तो मांडीच्या पुढून गुडघ्याच्या आतल्या बाजूकडे जातो, चौथ्याचं असेल तर नडगीच्या आतल्या बाजूला उतरतो, पाचव्याचं असेल तर नडगीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या भागापर्यंत. शिवाय त्या मुळांवर चालणारे स्नायू कमजोर होतात. तुमच्या भावाचा पाय उचलेना, हे त्यांचं दुखणं मुळापाशी असल्याचं लक्षण होतं. त्यांच्या बाबतीत एमआरआय गरजेचाच होता.

नुकसान काय, याचंही उत्तर देतो. पाठीचा काहीही त्रास नसलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही मणक्यांच्या मधल्या चकत्या फुगलेल्या दिसतात. अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या, काहीही न दुखणाऱ्या लोकांपैकी साधारण 30 टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या होत्या, ऐंशीच्या घरात हे प्रमाण 84 टक्क्यांवर गेलं. म्हणजे कंबरेत काहीतरी सापडण्याची शक्यता बरीच, आणि जे सापडेल तेच मांडीच्या बधिरपणाचं कारण असेल याची खात्री नाही. मग माणूस पाठीवरचे उपचार घेत राहतो आणि जांघेतली नस तशीच दबलेली राहते. असे रुग्ण मी पाहिलेत. तपासणीत एक जरी गोष्ट मेराल्जियाच्या चित्रात बसली नाही, तर मीसुद्धा लगेच एमआरआय सांगेन.

दीर्घश्वास

मी बरीच वर्षं धावतोय. माझी गोष्ट सांगतो, कारण सुरुवात मंदगती यांच्यासारखी होती आणि शेवट वेगळा.

मलाही मांडीत मुंग्या यायच्या, पण पुढच्या बाजूला. धावून आल्यावर जायच्या, म्हणून मनावर घेतलं नाही. नंतर जिना उतरताना गुडघा सोडून द्यायला लागला. पाय टाकायचा आणि तो धरायचाच नाही. दोन्ही मांड्यांचा घेर मोजला तर त्या बाजूची मांडी बारीक झाली होती. डॉक्टरांनी हातोडी मारली तर त्या गुडघ्याची उडी जवळजवळ नाहीच. चकतीचा तुकडा सरकून मूळ दाबत होता. पुढे औषधं, व्यायाम आणि बऱ्याच महिन्यांनी पुन्हा धावणं.

वरच्या चर्चेत ताकद, ताकद असं जे परत परत येतंय ते उगाच नाही. आठवड्यातून एकदा दोन्ही पायांची तुलना करा: एका पायावर खुर्चीतून उठून बघा, एका पायावर जिना उतरून बघा. डावा-उजवा फरक दिसला तर त्याच आठवड्यात डॉक्टर.

आणखी एक, थोडं विषय सोडून. आमच्या धावण्याच्या गटातली एक मैत्रीण 'मांडी जड वाटते, जांघेत खुपतं' म्हणत बरेच दिवस धावत राहिली. मुंग्या नव्हत्या, टेकल्यावर दुखायचं. ते निघालं खुब्याजवळ मांडीच्या हाडाच्या मानेला गेलेला ताणाचा तडा. एक्स-रेमध्ये काही दिसलं नव्हतं, एमआरआयमध्ये दिसलं. जांघेत खोल दुखणं आणि त्या पायावर वजन घेतल्यावर वाढणं, हे असेल तर त्या दिवसापासून धावणं बंद. तो तडा पूर्ण तुटला तर फार मोठं प्रकरण होतं.

गारवेल

दीर्घश्वास यांच्या दुसऱ्या मुद्द्याला जोरदार दुजोरा. धावणाऱ्यांनी मुंग्या आणि टेकल्यावरची कळ या दोन गोष्टी कायम वेगळ्या ठेवाव्यात. मुंग्यांसोबत थोडं धावायचं की नाही यावर विचार करता येतो. टेकल्यावर जांघेत कळ येत असेल तर विचार करण्यासारखं काही नसतं, थांबायचं.

चांदणठिपका

मला हा त्रास गरोदरपणात झाला होता. शेवटच्या तिमाहीत डाव्या मांडीचा बाहेरचा भाग जळायचा, विशेषतः उभं राहून काम करताना. तेव्हा मी खूप घाबरले होते, बाळावर परिणाम होईल का म्हणून. डॉक्टरांनी समजावलं की पोट वाढल्यामुळे जांघेत ताण येतो, बाळाचा काही संबंध नाही. कुशीवर झोपणं, गुडघ्यांमध्ये उशी, कंबरेला काहीही घट्ट नको, एवढंच सांगितलं. बाळंतपणानंतर हळूहळू गेलं. कुणी गरोदर मैत्रीण हे वाचत असेल तर तिला धीर यावा म्हणून लिहिलं.

अवलोकन

मला मधुमेह आहे आणि मेराल्जियाही होऊन गेलाय, म्हणून विचारतो: डॉक्टर, दोन्हींचा संबंध आहे का? मला तर सुरुवातीला सगळ्यांनी 'साखरेमुळे नसा जातात' एवढंच सांगून गप्प केलं होतं.

वळचण

संबंध आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत मेराल्जियाचं प्रमाण सर्वसाधारण लोकांत दर वर्षी लाखात सुमारे 33, तर मधुमेहींमध्ये लाखात सुमारे 247 आढळलं. म्हणजे सातपटीहून जास्त. साखरेने आधीच नाजूक झालेली नस थोड्या दाबानेही कुरकुरायला लागते. पण मधुमेहाचा नेहमीचा नसांचा आजार दोन्ही पावलांच्या बोटांपासून सुरू होतो आणि वर चढतो. बी-12च्या कमतरतेतही बहुधा दोन्ही पायांत सुरुवात होते. एकाच मांडीवर, पावलं सोडून, ठरावीक कडा असलेला बधिरपणा आला असेल तर 'साखरेमुळे' म्हणून विषय संपवू नये. साखर तपासावी, बी-12 आणि थायरॉइडही बघून घ्यावं, आणि जांघसुद्धा तपासावी.

मंदगती, तुम्ही साखर तपासलेली नाही म्हणालात. ती करूनच घ्या.

थोडा इतिहास, कारण त्यातून कारण पटकन समजतं. मार्टिन बर्नहार्ट यांनी 1878 मध्ये या त्रासाचं वर्णन केलं आणि 1895 मध्ये व्लादिमिर रोट यांनी आज रूढ असलेलं नाव दिलं. रोट यांनी तो घट्ट पट्टे बांधणाऱ्या घोडेस्वारांत पाहिला होता. सिग्मंड फ्रॉइड यांना स्वतःला हा त्रास होता आणि त्यावर त्यांनीही 1895 मध्येच लिहिलं. तेव्हापासून कंबरेला घट्ट बांधलेल्या वस्तूंची यादी वाढत गेली आहे: अवजारांचा पट्टा, पोलिसांचा पट्टा, गाडीतला सीटबेल्ट, आणि आता धावणाऱ्यांच्या बाटल्यांचा पट्टा.

मंदगती

तुम्हा सगळ्यांच्या सांगण्यावरून डॉक्टरांकडे जाऊन आले. नीट, सावकाश तपासलं. ताकद दोन्ही पायांची सारखी, गुडघ्याची उडी दोन्हीकडे सारखी. झोपवून पाय सरळ वर उचलला, पाठीत काही नाही. कंबरेच्या हाडाच्या टोकाच्या जरा आत, जांघेवर बोटाने टिचक्या मारल्या तर मांडीत नेमक्या त्याच तुकड्यात झिणझिणलं! मग मला कुशीवर झोपवलं, दुखरी बाजू वर, आणि कंबरेचं हाड वरून दाबून धरलं. पाऊण मिनिटाच्या आत मुंग्या विरायला लागल्या. दाबल्यावर बरं वाटतं हे मला खूप आश्चर्याचं वाटलं.

निदान मेराल्जिया पॅरेस्थेटिका. एमआरआय सध्या नको म्हणाले. नसेच्या वहनाची, म्हणजे नस संदेश नीट वाहून नेते का ते बघणारी चाचणीही आत्ता लागणार नाही. साखर तपासली, व्यवस्थित आहे. बी-12 थोडं कमी निघालं, त्याच्या गोळ्या दिल्या, पण मांडीचं कारण ते नाही असं स्पष्ट सांगितलं. पट्टा आणि घट्ट कपडे बंद, काही दिवस धावणं कमी, आणि पुन्हा दाखवायला बोलावलंय.

आता माझे प्रश्न. धावणं कमी म्हणजे किती कमी? ताणाचे व्यायाम करू का? मैत्रीण म्हणते फोम रोलरने मांडीची बाहेरची बाजू चांगली रगडून काढ, आणि आई म्हणते गरम पिशवीने शेक.

वळचण

दाबल्यावर बरं वाटण्याचं कारण असं: कुशीवर असताना हाड वरून दाबलं की इंग्वायनल लिगामेंट सैल पडतं आणि खालची नस मोकळी होते. या चाचणीवर झालेल्या अभ्यासात ती 90 टक्क्यांहून अधिक रुग्णांत बरोबर उत्तर देत होती. नसेच्या वहनाच्या चाचणीबद्दल तुमच्या डॉक्टरांशी सहमत आहे. ही नस बारीक, तिची जागा माणसागणिक थोडी वेगळी, त्यामुळे ती चाचणी अवघड असते आणि निरोगी पायातही कधी कधी उत्तर मिळत नाही. शंका उरली तरच करावी.

शेकण्याबद्दल मात्र आत्ताच सावध करतो. जिथे संवेदना कमी आहे तिथे गरम पिशवी ठेवू नका. चटका बसलेला कळणार नाही आणि त्वचा भाजेल. बर्फाचंही तेच, कापडात गुंडाळून आणि थोडाच वेळ.

गारवेल

रोलरचं मी सांगते. त्रास मांडीत जाणवतो, पण मूळ जांघेत आहे. बधीर जागा रगडून नसेची वाट मोकळी होणार नाही, उलट हुळहुळलेली नस आणखी चिडेल. माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिले काही आठवडे तिथे रोलर लावू देत नाही. कंबरेच्या हाडाच्या टोकाजवळ जोरात मालिश तर अजिबात नको.

ताणाच्या व्यायामांत एक गोम आहे. धावणाऱ्यांचा आवडता लंज, म्हणजे एक गुडघा जमिनीवर टेकून तोच पाय मागे ताणायचा, याने खुब्याच्या पुढचे स्नायू मोकळे होतात हे खरं. पण पाय मागे गेला की हीच नस ताणली जाते, डॉक्टरांनी वर सांगितलंच आहे. त्रास ताजा असताना तो व्यायाम खोलवर करू नका. मुंग्या सुरू होण्याच्या आधी थांबा. तोवर पोटाच्या आणि कुल्ल्याच्या स्नायूंवर काम करा: पाठीवर झोपून पूल, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, प्लँक. कंबर पुढे कलून पाठीत पोकळी पडत असेल तर जांघेचा भाग सतत ताणात राहतो. ते सुधारायला हे व्यायाम उपयोगी पडतात. सगळे दुखल्याशिवाय, मुंग्यांशिवाय.

धावण्याचं: मुंग्या साधारण वीस मिनिटांनी येतात ना, मग सध्या त्याच्या आत संपेल एवढंच धावा. मध्ये मध्ये चाला. पावलं छोटी आणि थोडी जलद ठेवा, म्हणजे मागचा पाय फार मागे जाणार नाही. उतारावर लांब ढांगा टाकू नका. मुंग्या आल्या की त्या दिवसापुरतं चालत घरी. दोन-तीन वेळा मुंग्यांशिवाय पार पडलं की पाच मिनिटं वाढवा. तेवढ्यातही त्रास होत असेल तर काही दिवस सायकल किंवा पोहणं. सायकलवर मात्र फार वाकून बसल्यावर जांघेत काही रुतत नाही ना, ते बघा.

कामावर उभं राहावं लागतं म्हणालात. एक पाय आळीपाळीने छोट्या पाटावर ठेवून उभ्या राहा. खुबा थोडा दुमडलेला राहतो आणि नसेला आराम मिळतो. माझ्या अनुभवात या एका सवयीने अनेकांना व्यायामांइतकाच फायदा होतो.

अवलोकन

आणि एवढं करूनही गेलं नाही तर? माझं बरेच महिने रेंगाळलं होतं.

वळचण

बहुतेकांना दाब काढणं आणि वेळ देणं एवढ्यावर बरं वाटतं, पण आठवडे ते महिने लागतात. जळजळीने झोप मोडत असेल तर नसांच्या दुखण्यावरची औषधं असतात, प्रीगॅबालिन, गॅबापेन्टिन किंवा कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिन. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, कारण गुंगी येते. ती जळजळ कमी करतात, दाब काढत नाहीत. त्यापुढची पायरी म्हणजे जांघेत नसेजवळ भूल आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन, शक्यतो सोनोग्राफीत नस बघत. त्याने तात्पुरता तरी आराम पडला तर निदानही पक्कं होतं. अगदी थोड्यांना शस्त्रक्रिया लागते: नस मोकळी करणं, किंवा शेवटचा उपाय म्हणून ती कापणं. कापली तर तो भाग कायमचा बधीर राहतो.

पुरावा किती पक्का आहे, हेही सांगायला हवं. उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात या उपचारांची तुलना करणारी एकही यादृच्छिक चाचणी, म्हणजे रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं गटांत वाटून केलेली चाचणी, सापडली नव्हती. जी निरीक्षणं होती त्यात काहीही खास उपचार न करता 29 पैकी 20 जणांना सुधारणा झाली, इंजेक्शनने 157 पैकी 130 जणांना. आकडे छोटे आहेत आणि तुलनेचा गट नाही. म्हणून मी साध्या गोष्टींपासून सुरुवात करतो आणि घाई करत नाही.

खडीवाट

हे सगळं वाचून मी भावाला फोन केला. त्याला नेमकं कुठे बधीर व्हायचं ते विचारलं. नडगीची बाहेरची बाजू आणि पावलाचा वरचा भाग म्हणाला. म्हणजे पाचव्या मणक्याचं मूळ, बरोबर ना? इतकी वर्षं मी 'त्याचा पाय बधीर होता' एवढंच धरून बसलो होतो. डॉक्टर, समजावून सांगितल्याबद्दल मनापासून आभार.

वळचण

बरोबर. पाऊल वर उचलण्याचं कामही मुख्यतः त्याच मुळाकडे असतं. त्यांचं निदान वेळेत होणं किती महत्त्वाचं होतं, हे तुम्ही घरात बघितलंय. म्हणून तुमचा आग्रह मला चुकीचा वाटला नव्हता.

मंदगती

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. पट्टा सोडला, टाइट्सऐवजी सैल शॉर्ट्स घालते, कामावर पाय पाटावर. जळजळ आधी गेली, पांघरूण आता टोचत नाही. धावताना मुंग्या क्वचित येतात आणि लगेच जातात. लांब पल्ल्याची स्पर्धा या वेळी सोडून दिली, वाईट वाटलं पण सोडली.

दर रविवारी पेनाने तो गोल काढते आणि फोटो ठेवते. आता तो तळहाताच्या निम्मा उरलाय. मधोमध एक तुकडा मात्र अजून तसाच बधीर आहे. तो कायमचा राहील का? आणि पुन्हा लांब धावायला लागले तर पाणी कसं नेऊ?

वळचण

जळजळ आणि मुंग्या आधी जातात, बधिरपणा सगळ्यात शेवटी, तोही कडेकडून आत. तुमचा गोल लहान होत चाललाय, यापेक्षा चांगली खूण नाही. काहींच्या बाबतीत एखादा छोटा तुकडा राहतो. त्याने धावण्यात काही अडत नाही आणि ताकदीला धोका नाही. गोल पुन्हा वाढायला लागला, आतल्या बाजूला किंवा गुडघ्याखाली सरकला, किंवा पाय कमजोर वाटला, तर नव्याने तपासून घ्या.

गारवेल

पाण्यासाठी खांद्यावर बसणारा धावण्याचा वेस्ट घ्या, वजन छातीवर आणि पाठीवर राहतं. वेस्टचा खालचा पट्टा बरगड्यांवर हवा, कंबरेच्या हाडावर नको. हातात धरायची बाटलीही चालेल, दर काही मिनिटांनी हात बदला. मोबाइल दंडावर किंवा वेस्टच्या खिशात, शॉर्ट्सच्या पुढच्या खिशात नको. शॉर्ट्स निवडताना उभं राहून नव्हे, गुडघा छातीपर्यंत उचलून आणि पाय मागे नेऊन बघा. दोन्ही वेळा कड जांघेत रुतत नसेल तरच घ्या.